कडब्याच्या गंजीतला बँड

नोकरीतलं बरंचसं आता पुसट झालं आहे. कुठल्या ठाण्यात कोण ठाणे अंमलदार होता, कुठल्या गावचा पाटील भला होता, हे कुणी विचारलं तर मला थांबून आठवावं लागतं. कडब्याच्या गंजीतून आम्ही अख्खा बँड बाहेर काढला ती सकाळ मात्र विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. ती केस मिटवून टाका असं मला इतक्या लोकांनी बजावलं, की ती जन्मभर लक्षात राहण्याची सोय त्यांनीच करून ठेवली.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी फौजदार होतो आणि लोणंदहून माझी बदली सातारा जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावी झाली होती. गावाचं नाव सांगत नाही, माणसांचीही सांगणार नाही. त्यातले बरेच जण आज हयात नाहीत. त्यांची मुलंबाळं तिथेच नांदत आहेत आणि त्यांचा यात काही दोष नाही.

घट बसले त्याच आठवड्यात मी चार्ज घेतला. रिवाजाप्रमाणे शस्त्रं मोजून घेतली, कोठडी पाहिली, मुद्देमालाची खोली उघडून पाहिली आणि प्रलंबित गुन्ह्यांचे कागद घेऊन बसलो. त्यात एक गुन्हा शाळेतल्या चोरीचा होता. फिर्यादी होते शिक्षण संस्थेचे अध्यक्ष. शाळेच्या बँडसाठी सांगलीहून आणलेली नवीकोरी वाद्यं बंद खोलीतून नाहीशी झाली होती. कुलूप शाबूत होतं. किल्ली शाळेच्या बँडमास्तरकडे असायची, म्हणून माझ्या आधीच्या अधिकाऱ्यांनी त्याला अटक केली होती. एक किल्ली संस्थेच्या कार्यालयातही असायची, पण तिकडे कुणी फिरकलं नव्हतं. माल मिळाला नव्हता आणि आरोपी साताऱ्याच्या जेलमध्ये न्यायालयीन कोठडीत होता.

कागद चाळताना एक गोष्ट खटकली. जामिनाचा अर्जच नव्हता. साध्या चोरीचा आरोपी, त्यात सैन्यातून निवृत्त झालेला माणूस, त्याला जामीन सहज मिळाला असता. मी आमच्या हवालदारांना विचारलं. ते म्हणाले, वकील अर्ज घेऊन गेला होता, पण आरोपीनं सही करायला नकार दिला. जामीन चोरानं घ्यायचा असतो, मी कशाला घेऊ, असं म्हणतो.

असं बोलणारा माणूस एकदा पाहावा म्हणून मी साताऱ्याला गेलो. उंच, ताठ, मिशीला पीळ. सैन्याच्या बँडमध्ये उभी हयात गेलेली. मी समोर बसतो न बसतो तोच माझ्या पट्ट्याचं बक्कल तिरकं बसलंय, हे त्यानं मला सुनावलं. मग जेलच्या शिपायाची टोपी, जेलरची चाल आणि सकाळच्या घंटेचा बिघडलेला सूर यांवर त्याचं मत झालं. असल्या माणसाचं एका ठिकाणी पटणं अवघड. पण खोटं बोलणारा माणूस पोलिसाच्या कलाकलानं घेतो, उगाच त्याला डिवचत नाही. मी बक्कल सरळ केलं आणि हकिगत विचारली.

त्या भागातली पोरं घराघरातून सैन्यात. शाळेला बँड हवा म्हटल्यावर सीमेवरच्या जवानांनी आपल्या पगारातून वर्गणी पाठवली. अध्यक्षांनी सांगलीच्या एका दुकानातून वाद्यं आणली, मैदानावर समारंभ केला, साताऱ्याहून शिक्षण खात्याचे साहेब बोलावले. नारळ फुटला, भाषण झालं, नवीकोरी वाद्यं म्हणून टाळ्या पडल्या. मग मास्तरला वाजवून दाखवायला सांगितलं. त्यानं कॉर्नेट, म्हणजे ट्रंपेटसारखं आखूड पितळी वाद्य, उचललं, एकदा फुंकलं, त्याचं बोटानं दाबायचं पिस्टन ओढून काढून उजेडात धरलं आणि माइकसमोर जाऊन सांगितलं, की हा सगळा माल जुना आहे, वरून मुलामा दिलाय. साताऱ्याच्या साहेबांनी वेळ मारून नेण्यासाठी का होईना, पण सगळ्यांदेखत शब्द दिला की गणपती झाले की तज्ज्ञाकडून तपासणी करून घेऊ. तपासणीचा दिवस यायच्या आत वाद्यं गायब झाली.

आणखीही एक गोष्ट त्यानं सांगितली. अध्यक्षांनी त्याच्या बायकोकरवी निरोप धाडला होता. मास्तरनं शाळेच्या मैदानावर उभं राहून एवढंच म्हणावं, की माझी चूक झाली, वाद्यं नवीच होती. मग फिर्याद मागं घेऊ, नोकरीही ठेवू.

“मग?” मी विचारलं.

“मग काय? न्हाई म्हनून सांगितलं,” तो म्हणाला. “सायेब, आमची पोरं बर्फात हुबी ऱ्हाऊन पैसं धाडत्यात. त्यांच्या पैशाला जुनं पितळ गळ्यात मारलं. म्या त्ये नवं हाय म्हनलो, तर सुट्टीवर आल्यावर त्यास्नी कुठल्या तोंडानं भेटू? त्यापरास हितंच बरा हाय. जेवान बी वाईट न्हाई.”

त्याच्या बायकोलाही मी परतताना भेटलो. घरात म्हातारे सासरे, शाळेतली नोकरी गेलेली, गल्लीत लोक कुजबुजत होते. मी म्हटलं, बाई, तुम्ही तरी त्यांना समजावलं नाही का? तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मलाच विचारल्याची लाज वाटली. एका वाक्यासाठी हा माणूस चोराचा शिक्का कपाळी घेऊन बसला होता आणि ती त्याच्या मागं उभी होती. वाद्यं जुनी की नवी हे ठरेपर्यंत त्या घराची सुटका नव्हती.

खंडेनवमीला आमच्या ठाण्यात शस्त्रपूजा झाली. बंदुका, संगिनी, बेड्या, जीप, टाइपरायटर, सगळ्यांना हळद-कुंकू आणि झेंडूचं फूल. दसरा झाला की आमचे हवालदार चिंध्या घेऊन बसायचे. बंदुकीच्या तेलात कुंकू मुरलं की निघता निघत नाही आणि तपासणीला आलेले साहेब त्यावरून बोल लावतात. दरसालचं हे दुखणं. त्या वर्षीही ते कुरकुरत बंदुका घासत होते, तेवढ्यात टेलिफोन वाजला.

फोनवरच्या माणसानं तोंडावर फडकं धरलं असावं. बँडमास्तरच्या मळ्यात कडब्याची गंज आहे, तिच्या उगवतीच्या अंगाच्या तळातल्या पेंढ्या ओढा, एवढं सांगून त्यानं फोन ठेवला. खबरे मी पुष्कळ पाहिले. खरा खबऱ्या फाटे फोडतो, बक्षिसाची चौकशी करतो, आपण सांगितलं हे कळू देऊ नका म्हणून दहा वेळा गळ घालतो. कुठल्या अंगाची कुठली पेंढी हे ज्याला ठाऊक असतं, त्यानं बहुधा माल स्वतःच ठेवलेला असतो.

पंच घेऊन मळ्यात गेलो. पेंढ्या ओढल्या आणि गोणपाटात बांधलेली वाद्यं निघाली. कॉर्नेटं, क्लॅरिनेटं, एक मोठा पितळी बाजा, एक साइड ड्रम. पितळी वाद्यांना ठिकठिकाणी पोचे आलेले, मातीनं माखलेली. पंचनामा अर्धा झाला नाही तोच धुरळा उडवत अध्यक्षांची जीप हजर झाली. त्यांना कुणी कळवलं हे मी विचारलं नाही, विचारून काही मिळालं नसतं.

अध्यक्ष गोड बोलायचे. धोतराचा सोगा सावरत ते बांधावर उभे राहिले आणि हळहळले. नव्याकोऱ्या वाद्यांची या माणसानं काय वाट लावली बघा, म्हणाले. मग माझ्या कागदाकडे पाहत जवळ आले.

“फौजदार साहेब, ‘नवी वाद्ये’ असं घाला. नवी होती, आरोपीनं खराब केली.”

“पंचनाम्यात डोळ्यांना दिसतं ते लिहितात,” मी म्हटलं. “मला नवी दिसली नाहीत.”

“म्हणजे जुनी लिहिणार?”

“तेही अजून दिसलेलं नाही. बघेन आणि लिहीन.”

त्या क्षणी मला चोरीमागचा डाव कळला. वाद्यं विकून पैसे करायला कुणी ती चोरली नव्हती. वाद्यांची दशा वाईट का, याला एक कारण हवं होतं. तपासणी होण्याआधी माल चोरीला जावा, मास्तरच्या मळ्यात मोडक्या अवस्थेत सापडावा, म्हणजे मूळचं जुनं की नवं हा प्रश्नच मिटला. नवं होतं, चोरानं नासवलं. आणि चोर कोण, तर ज्यानं माल जुना म्हटलं तोच. डोकं चांगलं चाललं होतं, फक्त वाईट कामाला.

संध्याकाळी वरिष्ठांचा फोन आला. माल आरोपीच्या मळ्यात मिळाला, आता तपास लांबवू नका, दोषारोपपत्र पाठवून मोकळे व्हा. मी म्हटलं, पाठवतो साहेब, कुणावर पाठवायचं ते ठरलं की लगेच. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

दोनेक दिवसांनी हवालदार तक्रार घेऊन आले. मुद्देमालाच्या खोलीत मुंग्यांनी उच्छाद मांडला होता. “सायेब, त्या बँडात काय गोडधोड ठिवलंय का? निस्ती रांग लागलीय.” मी जाऊन पाहिलं. मुंग्या गोणपाटांवर होत्या आणि वाद्यांच्या नळ्यांतही शिरत होत्या. गोणपाट नाकाशी धरलं, तर गुळाचा वास. त्यावर काकवीचे वाळलेले डाग होते. मास्तरच्या घरी ऊसही नव्हता आणि गुऱ्हाळही नव्हतं.

मग मी एकेक वाद्य खिडकीपाशी नेऊन सावकाश पाहिलं. प्रत्येक पितळी वाद्याच्या तोंडाच्या आत, कडेला, हळद-कुंकवाचं बोट लागलेलं होतं. कुंकू तेलात मुरून लालबुंद झालं होतं. अगदी आमच्या बंदुकांवर होतं तसंच, तेवढंच ताजं. मी हवालदारांना हाक मारली आणि विचारलं, हे कधीचं कुंकू? त्यांनी चिंधीनं पुसून पाहिलं, बोटं चोळली आणि वैतागून म्हणाले, हे ह्याच खंडेनवमीचं.

खंडेनवमीला बँडमास्तर जेलमध्ये होता. त्याला साक्षीदार सरकारच होतं. तो जामीन घेऊन बाहेर आला असता तर माझ्या हातात काहीच राहिलं नसतं. त्याचा हट्ट त्याच्या उपयोगी पडला.

पण आधी वाद्यांच्या दशेचा निकाल लागायला हवा होता. मी सगळी वाद्यं जीपमध्ये घातली आणि सांगली गाठली. दुकान पेठेत होतं. छताला तंबोरे टांगलेले, भिंतीला पेट्या, तबल्यांच्या जोड्या, आणि समोर तीन फळ्या. वरच्या फळीवर कोरा माल, मधल्या फळीवर वापरलेला पण सुरात असलेला, खालच्या फळीवर दुरुस्तीचा किंवा मोडीत जाणारा. गिऱ्हाइकानं विचारायची गरज नाही, फळी बघायची. मालक टापटिपीचे, काळी टोपी, बोलणं मोजकं. खालच्या फळीवरची वस्तू वर चढवली असं त्यांच्याबद्दल कधी कुणी बोललं नव्हतं, ही चौकशी मी पेठेत आधीच करून घेतली होती.

मी विचारलं, या शाळेला कुठल्या फळीवरचा माल दिला? ते म्हणाले, वरच्या. नजर मात्र माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे होती.

मी शिपायांना सांगितलं, वाद्यं आत आणा. सगळी त्यांच्या गल्ल्यासमोर मांडली. दुकानात पेटी घ्यायला आलेलं एक कुटुंब होतं, ते बघायला लागलं. मी म्हटलं, ठीक आहे, तुम्ही नवी दिलीत, असा जबाब घेतो. कोर्टात ही वाद्यं टेबलावर मांडली जातील आणि सगळी सांगली बघेल, की या दुकानातल्या वरच्या फळीवरचा माल दोन-तीन महिन्यांत असा होतो.

गिऱ्हाइकांना त्यांनी नंतर यायला सांगितलं आणि दार ओढून घेतलं. मग एक कॉर्नेट उचललं. ते हातात आल्याबरोबर माणूस बदलला. डाव्या हाताची पकड बसते तिथे त्यांनी माझं बोट फिरवायला लावलं. पितळ झिजून खळगा पडला होता आणि मुलामा त्या खळग्याच्या आतपर्यंत गेला होता. म्हणजे झीज आधीची, मुलामा नंतरचा. मग पोचे दाखवले. काही पोचे झाळून भरून वर मुलामा दिलेले, काही अगदी ताजे, मुलामा तडकून पितळ दिसणारे. “हे ताजे दगडाचे आहेत,” ते म्हणाले. “बाकीचं सगळं कुठल्या तरी लग्नाच्या बँडवाल्यानं वर्षानुवर्षं वाजवून केलेलं. हा मधल्या फळीवरचा माल. काही तर खालच्याच फळीवरचा.”

“अध्यक्षांना हे माहीत होतं?”

“मी फळी दाखवून माल दिला, साहेब. चकचकीत करून द्या म्हणाले, दिला. शाळेत काय म्हणून सांगणार, ते मी विचारलं नाही.”

“विचारायला हवं होतं.”

“हो,” ते म्हणाले, आणि टोपी काढून गल्ल्यावर ठेवली.

मी एकेका वाद्याची प्रत त्यांच्याकडून वदवून घेतली आणि पंचांसमोर लिहिली. साइड ड्रमपाशी ते थांबले. हा मात्र नवा आहे, म्हणाले, सगळ्यांच्या पुढे ठेवायला एक वरच्या फळीवरचा घातला होता. मी तसं लिहिलं. परतताना साताऱ्याला थांबून मास्तरला हे सांगितलं, तर तो भडकला. ड्रमही जुनाच, त्या दुकानदाराला काय कळतं, असं अर्धा तास चाललं. मी म्हटलं, मास्तर, तुमच्या बाजूचं असलं तरी खोटं मी लिहिणार नाही. त्यानं तोंड फिरवलं आणि माझा निरोपही घेतला नाही.

आता राहिला गुळाचा वास. तालुक्यात गुऱ्हाळं पुष्कळ होती, पण या भानगडीत पाय अडकलेल्यांपैकी एकाचंच गुऱ्हाळ होतं, अध्यक्षांचं. हंगाम दिवाळीनंतरचा, त्यामुळे ते बंद होतं आणि तिथे मुकादमाशिवाय कुणी फिरकत नव्हतं. मी मुकादमाला ठाण्यात बोलावलं. वाळलेला, उन्हात रापलेला म्हातारा. आमच्या एका शिपायाचे हात शिवशिवत होते, त्याला मी बाहेर चहा सांगायला पाठवलं. पट्ट्यानं माणूस बोलतो खरा, पण तुम्हाला ऐकायचं असतं तेच बोलतो. त्याचा तपासाला उपयोग नाही.

चोरीबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. चहा झाला. पाऊसपाणी झालं. मग विचारलं, खंडेनवमीला गुऱ्हाळात पूजा झाली का?

“झाली की. दरसाल अस्ती.”

“कशाकशाची केलीत?”

“घान्याची. काहिलीची. इंजनाची. कोयत्यांची, खुरप्यांची.”

“आणखी?”

म्हातारा पायाच्या अंगठ्यानं फरशी कोरू लागला. मी कागद पुढे ओढला. म्हटलं, मुकादम, आणखी कशाची पूजा केली नाही असं लिहून घेतो. खाली तुमचा अंगठा. केलेली पूजा केली नाही म्हणायचं असेल तर तसं सांगा, मी अडवत नाही.

त्यानं हात मागं घेतला. त्याचे डोळे भरून आले.

“केल्याली पूजा न्हाई केली कसं म्हनू सायेब? केली. गोनपाटात बांधून ठिवल्याली व्हती. वाद्यं ती. घरात अस्ताना खंडेनवमीला बिनपूजेची ठिवायची व्हय? एकेक भाईर काढलं, हळद-कुकू लावलं, फूल वाह्यलं, आन् पुन्यांदा बांधलं.”

मग सगळंच बाहेर आलं. कार्यालयातली किल्ली वापरून वाद्यं अध्यक्षांच्या ड्रायव्हरनं आणली होती. दसरा झाल्यावर ती दगडानं ठेचून मास्तरच्या गंजीत सारायचा हुकूम झाला. ठेचायला मुकादमाचा हात उचलेना, ते काम ड्रायव्हरनं केलं आणि हा भिंतीकडे तोंड करून बसला. मालकाचं मीठ खाल्लेलं म्हणून हा माणूस चोरीबद्दल मरेपर्यंत तोंड उघडता ना. पूजेबद्दल खोटं बोलणं त्याच्यानं झालं नाही.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, म्हणून त्याच्या निवेदनावरून पंचांना घेऊन गुऱ्हाळात गेलो. त्यानं कोपरा दाखवला. तिथे वाळलेली झेंडूची फुलं, फरशीवर कुंकू, तसलीच गोणपाटं, आणि कचऱ्यात पिस्टनचं एक टोपण पडलेलं. आमच्याकडच्या एका कॉर्नेटला तेच टोपण नव्हतं. जागच्या जागी बसवून पाहिलं, फिरलं आणि बसलं.

वरिष्ठांनी साताऱ्याला बोलावून घेतलं. तपास चांगला केलात, म्हणाले. आता मुकादम आणि ड्रायव्हर यांच्यावर दोषारोपपत्र पाठवा आणि थांबा. त्याच्या वर जायचं कारण नाही, अध्यक्षांचं वजन तुम्हाला ठाऊक आहे. मी म्हटलं, साहेब, ज्याच्या सांगण्यावरून झालं त्याचं नाव गाळायचं असेल तर मला लेखी हुकूम द्या, मी तो गुन्ह्याच्या कागदांना जोडतो. त्यांनी हुकूम दिला नाही. देणारच नव्हते. मी परत येऊन मास्तरविरुद्ध पुरावा नसल्याचा कलम १६९ चा अहवाल कोर्टात पाठवला आणि दोषारोपपत्रात पहिलं नाव अध्यक्षांचं घातलं. कोयनानगरच्या बदलीचा हुकूम त्यापाठोपाठच आला. मला त्याचं नवल वाटलं नाही आणि वाईट तर मुळीच वाटलं नाही.

खटल्याचं पुढं काय झालं तेही सांगून टाकतो. अध्यक्षांना मोठे वकील मिळाले, ते संशयाचा फायदा मिळून सुटले. ड्रायव्हरला शिक्षा झाली. मुकादमाला कोर्टानं समज देऊन सोडलं. सांगलीच्या दुकानदारांनी कोर्टात शब्दही फिरवला नाही. एवढ्यावर कुणी मला म्हणेल, मग मिळवलंत काय? त्याचं उत्तर त्या गावच्या पेठेत मिळालं.

माझ्या अहवालावरून कोर्टाचा सुटकेचा हुकूम झाला तेव्हा मी अजून चार्ज सोडला नव्हता. मास्तरनं जेलमधून निरोप धाडला, की मी एकटा एसटीनं येणार नाही. पकडलं तेव्हा मला कमरेला दोरी बांधून भर पेठेतून चालवत नेलं होतं. ज्या खात्यानं नेलं त्यानंच त्याच रस्त्यानं आणून शाळेत सोडावं. आमचे हवालदार हसले. म्हणाले, सायेब, ह्याला नियम कुठला? मी म्हटलं, नियम नाही, म्हणून तर कुणी अडवू शकत नाही.

बाजाराचा दिवस होता. मी जीप ठाण्यापाशी सोडली, टोपी नीट केली, आणि आम्ही दोघं पायी निघालो. मास्तर परेडला चालल्यासारखा चालत होता. भाजीवाल्या उठून उभ्या राहिल्या. गावी सुट्टीवर आलेल्या दोघा-तिघा जवानांनी त्याला सलाम ठोकला. रडू मलाच आवरेना, तो मात्र ढिम्म. संस्थेच्या कार्यालयासमोर अध्यक्ष पायरीवर उभे होते, आत जावं की थांबावं हे त्यांना ठरवता येत नव्हतं. मास्तर तिथे थांबला. सगळी पेठ थांबली.

“अध्यक्ष,” तो खणखणीत म्हणाला, “माझी चूक झाली म्हनून मैदानात सांगायचं व्हतं न्हवं? हितं सांगतो. त्यो साइड ड्रम नवा हाय. तेवढी माझी चूक. बाकीचा समदा माल जुना.”

आणि तो चालू लागला. शाळेच्या फाटकात त्याची बायको उभी होती. तिच्यापाशी पोचल्यावर त्याचा ताठा गेला. तो तिथेच खाली बसला आणि बराच वेळ उठला नाही.

लोक मला विचारतात, पोलिसाला सगळ्यात मोठा दबाव कुणाचा असतो? पुढाऱ्यांचा, वरिष्ठांचा? तो असतोच. पण तो दबाव फार थोडं मागतो. एक शब्द घाला म्हणतो, एक नाव गाळा म्हणतो. तेवढं केल्यानं काय बिघडतं, असं आपल्यालाच वाटू लागतं. या केसनं मला शिकवलं, की समोरच्या माणसाचं सगळं आयुष्य त्या एका शब्दावर तोललेलं असतं. म्हणून जुन्याला नवं लिहायचं नाही, आणि आपल्या माणसाला बरं वाटावं म्हणून नव्याला जुनंही लिहायचं नाही. पुढे नोकरीत असले फोन मला पुष्कळ आले. बदल्याही पुष्कळ झाल्या. आजही कुणी टोपी आणि कागद हातात दिला तर मी तेच लिहीन.

कोयनानगरला क्वार्टर लहान होतं, रस्ता वळणावळणाचा आणि जमीन अधूनमधून हादरायची. शेजारी घाबरून अंगणात यायचे. मला मात्र तिथे फार शांत झोप लागायची.